आईची, आजीची गोष्ट इंग्रजीत लिहिताना: भूतकाळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यातल्या मुलींना इंग्रजी शिकवताना मी दरवर्षी एक काम देते: घरातल्या एका बाईचं आयुष्य एका पानात इंग्रजीत लिहून आणा. आई, आजी, मावशी, शेजारची काकू, कुणीही चालेल. त्या निमित्ताने मुली जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती आधी मोठ्याने म्हणा, मग वहीत उतरवा.

'तिचं लग्न झालं' हे इंग्रजीत कसं लिहायचं? 'हर मॅरेज वॉज डन' का चालत नाही?

मराठीत बाईचं अख्खं आयुष्य 'होणे' या एका क्रियापदावर चालतं. जन्म झाला, शहाणी झाली, लग्न झालं, मूल झालं, विधवा झाली. कुणी केलं, तिने केलं की तिच्यावर लादलं, हे सांगायची गरजच पडत नाही. इंग्रजीत या प्रत्येक प्रसंगाला वेगळं क्रियापद आहे आणि त्याला कर्ता लागतो. म्हणून 'झालं'चं शब्दशः 'वॉज डन' किंवा 'हॅपन्ड' केलं की वाक्य पांगळं होतं.

साधं, कुणाचीही बाजू न घेणारं वाक्य आहे: 'शी गॉट मॅरीड इन १९६४.' बहुतेक वेळा हेच वापरा. तिने स्वतः ठरवून केलं असेल तर 'शी मॅरीड अ टीचर फ्रॉम गुहागर.' इथे 'मॅरीड'नंतर कोणतंही शब्दयोगी अव्यय येत नाही. 'मॅरीड विथ' ही चूक आपल्याकडे सर्रास होते, कारण डोक्यात 'त्याच्याशी' असतं. अव्यय लागतंच तेव्हा ते 'टू': 'शी वॉज मॅरीड टू अ टीचर.' आणि घरच्यांनी लहानपणीच लावून दिलं असेल तर 'हर फादर मॅरीड हर ऑफ ॲट थर्टीन.' या 'ऑफ'मध्ये उजवून टाकल्याचा भाव आहे. तो खरा असेल तरच लिहा.

आपल्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. रमाबाई आंबेडकर दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात त्यांचं भीमरावांशी लग्न झालं, तेव्हा त्या जेमतेम आठ-नऊ वर्षांच्या होत्या. इथे 'शी मॅरीड भीमराव' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, मोठ्या बाईने विचार करून नवरा निवडला. म्हणून 'इन १९०६ शी वॉज मॅरीड टू भीमराव, इन द मार्केट ॲट भायखळा.' एवढ्याशा 'वॉज'ने तिचं वय आणि तिची जागा दोन्ही कळतात.

एक बारीक गोष्ट. नुसतं 'शी वॉज मॅरीड' म्हणजे 'ती विवाहित होती'. साल, ठिकाण किंवा वय जोडलं की मग ते 'लग्न लावलं गेलं' असं वाचलं जातं. आणि 'मॅरेज' म्हणजे लग्नानंतरचा संसार. मांडव, अक्षता, पंगत यांना 'वेडिंग' म्हणतात. 'हर वेडिंग टुक प्लेस इन मे' अगदी बरोबर आहे.

'आय बॉर्न इन रत्नागिरी' बरोबर आहे का?

नाही. 'आय वॉज बॉर्न इन रत्नागिरी.' 'बॉर्न' हे 'बेअर' या क्रियापदाचं तिसरं रूप, म्हणजे मुळात 'जन्माला घातली गेले'. जन्म घेणाऱ्याकडून पाहिलं तर 'वॉज' हवंच.

आईच्या बाजूने लिहिताना 'शी गेव्ह बर्थ टू अ गर्ल' किंवा बोलण्यात 'शी हॅड अ गर्ल'. 'शी वॉज डिलिव्हर्ड' लिहू नका, 'डिलिव्हर्ड' आपण दवाखान्यातून उचललंय. घरी सुईणीने बाळंतपण केलं असेल तर 'अ मिडवाइफ डिलिव्हर्ड द बेबी ॲट होम', इथे मात्र ते छान बसतं. सुईण कामाची माणूस होती, तिला वाक्यात जागा द्या.

जन्मतारीख माहीत नसते, हाही नेहमीचा प्रश्न. आजी म्हणते, 'शिमग्याच्या पालख्या फिरत होत्या तेव्हाची मी.' मग खोटी तारीख घालू नका: 'शी वॉज बॉर्न अराउंड १९४५, ड्यूरिंग द शिमगा फेस्टिवल.' साल आणि महिन्याला 'इन', नेमक्या दिवसाला 'ऑन'. 'ऑन नारळी पौर्णिमा' चालतं, 'इन नारळी पौर्णिमा' नाही.

अर्जात लिहिताना जिल्ह्याचं नाव तपासा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि कुलाब्याचं रायगडही त्याच वर्षी झालं. मालवणात १९५० साली जन्मलेल्या आजीच्या जुन्या दाखल्यावर रत्नागिरी जिल्हा असेल, तर ती चूक नव्हे. गोष्टीत हवं तर लिहा: 'शी वॉज बॉर्न इन मालवण, व्हिच वॉज देन इन रत्नागिरी डिस्ट्रिक्ट.'

'गेला' आणि 'गेली' दोन्हींना 'वेंट'च? मग बाईची गोष्ट आहे हे कसं कळणार?

'शी' आणि 'हर' यांवरून. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही, म्हणून सर्वनामात गफलत झाली की सगळं कोसळतं. आजोबांना मान देऊन आपण 'ते आले' म्हणतो, पण इंग्रजीत 'दे केम' म्हणजे अनेक माणसं आली. 'ही केम'मध्ये अपमान नाही. सासूबाईंना 'शी' म्हणताना मुलींचा हात अडखळतो. अडखळू देऊ नका.

खरी अडचण पुढे येते. बायकांच्या गोष्टीत बायकाच बायका. 'शी टोल्ड हर दॅट शी शुड गो', आता कोण कुणाला म्हणालं? मराठीत आपण सासूला 'त्या' आणि सुनेला 'ती' म्हणून गुंता सोडवतो. इंग्रजीत ती सोय नाही. उपाय एकच: सर्वनाम कमी करा, नातं पुन्हा लिहा. 'हर मदर-इन-लॉ टोल्ड आजी टू गो.'

नात्यांचीही टंचाई आहे. जाऊ, नणंद, वहिनी, भावजय, मेहुणी सगळ्या 'सिस्टर-इन-लॉ'. घर चालवणारी थोरली जाऊ आणि माहेरपणाला आलेली नणंद एकाच शब्दात कोंबल्या तर घरातलं राजकारण वाचणाऱ्याला कळणारच नाही. मी सांगते, मराठी शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे फोड करा: 'हर थोरली जाऊ, द वाइफ ऑफ हर हजबंड्स एल्डर ब्रदर, केप्ट द कीज.' पुढे नुसतं 'जाऊ' लिहिलं तरी चालतं.

'शी डिड नॉट वेंट' का चूक?

भूतकाळ 'डिड'ने उचलला, आता क्रियापद मूळ रूपात: 'शी डिड नॉट गो.' प्रश्नातही तसंच.

'शी वॉज हॅविंग थ्री डॉटर्स' असं सगळेच बोलतात, मग चूक कशी?

मुली असणं ही चालू क्रिया नाही, म्हणून 'शी हॅड थ्री डॉटर्स.' नीट लक्षात ठेवायचं कारण असं की 'शी वॉज हॅविंग अ बेबी' हे वाक्यही बरोबर आहे, पण त्याचा अर्थ ती गरोदर होती किंवा बाळंत होत होती. तुमच्या आजीला एकदम तिळं होऊ देऊ नका.

आजी रोज करायची ती कामं कशी सांगायची?

'ती करायची', 'ती जायची' यातल्या 'यची'ला इंग्रजीत दोन शब्द आहेत, 'यूज्ड टू' आणि 'वुड'. सुरुवात 'यूज्ड टू'ने करा, पुढे 'वुड' वापरा. कानाला 'यूस्टू' ऐकू येतं, म्हणून मुली 'ड' गाळतात. होकारार्थी वाक्यात तो लिहायचाच.

हर्णै बंदरावर किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होतो. एका मुलीने तिथे मासळी घेणाऱ्या आजीबद्दल लिहिलं होतं: 'शी यूज्ड टू बाय फिश ॲट द ऑक्शन इन हर्णै. शी वुड फिल हर बास्केट, लिफ्ट इट टू हर हेड अँड वॉक फ्रॉम हाउस टू हाउस.' वाचताना पाटी डोक्यावर चढलेली दिसते. 'वुड' मात्र वारंवार केलेल्या कृतीलाच लागतो. राहणं, आवडणं, माहीत असणं यांना नाही. 'शी वुड लिव्ह इन हर्णै' नको, 'शी यूज्ड टू लिव्ह' किंवा सरळ 'शी लिव्ड'.

कामाची क्रियापदं बहुतेक वाकडी चालतात. ती पाठ करण्यापेक्षा आजीच्या दिवसाला बांधा. मासळी विकली: सोल्ड. विकत घेतली: बॉट. आणली: ब्रॉट. कालवं फोडली: ब्रोक. गवत कापलं: कट, यात काहीच बदलत नाही. जात्यावर दळलं: ग्राउंड. हे 'ग्राइंड'चं भूतकाळी रूप आहे, मैदानाशी त्याचा संबंध नाही. 'शी ग्राउंड नाचणी बिफोर सनराइज.' बोंबील, सुकट वाळवली: ड्राइड. आगोटीला भरून ठेवलं: 'शी स्टोअर्ड ड्राइड फिश, राइस अँड फायरवुड बिफोर द रेन्स.' भाताची लावणी म्हणजे 'ट्रान्सप्लांटिंग', नुसतं 'प्लांटेड राइस' लिहिलं तरी चालेल. पण कमरेत वाकून एकेक रोप चिखलात रोवल्याचं कळायचं असेल तर 'शी ट्रान्सप्लांटेड राइस, बेंट डबल इन द मड.'

'शी वॉज अ हाउसवाइफ' एवढ्या एका ओळीत ही सगळी क्रियापदं बुडतात. ती ओळ मी खोडते आणि विचारते, दिवसभर काय केलं तिने?

'वर्क्ड'चा उच्चार 'वर्केड' का नाही?

'क', 'प', 'श'सारख्या आवाजांनंतर शेवटी 'ट' ऐकू येतो: वर्क्ट, हेल्प्ट, वॉश्ट. 'लिव्ह', 'मॅरी' यांच्यामागे 'ड'. फक्त मूळ क्रियापद 'ट' किंवा 'ड'वर संपलं तरच वेगळं अक्षर वाढतं: वॉन्टेड, स्टार्टेड, नीडेड.

'हॅड' कधी लावायचा?

गोष्ट क्रमाने सांगत असाल तर लावूच नका. जन्मली, शाळेत गेली, लग्न झालं, साधा भूतकाळ पुरतो. 'हॅड' लागतो तो मध्येच मागे वळून पाहताना.

रमाबाईंचंच घ्या. गोष्ट लग्नापासून सुरू केली तर आधीचं कसं सांगणार? 'बाय देन हर पेरेंट्स हॅड डाइड अँड हर अंकल हॅड ब्रॉट द चिल्ड्रन टू मुंबई.' लग्न ही खुंटी, तिच्या आधीचं ते 'हॅड'. खुंटीच नसेल तर 'हॅड' लोंबकळतो.

आपल्या घरांतलं उदाहरण म्हणजे गिरणीचं. जानेवारी १९८२मध्ये मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि कोकणातल्या कितीतरी घरांत येणारी मनीऑर्डर थांबली. 'आजोबा हॅड लॉस्ट हिज जॉब इन द मिल स्ट्राइक, सो आजी स्टार्टेड सेलिंग ड्राइड फिश.' आधी नोकरी गेली, मग आजी बाहेर पडली.

दोन वाक्यं शेजारी ठेवा. 'व्हेन हर सन केम फ्रॉम मुंबई, शी डाइड': तो आला आणि तिने प्राण सोडला. 'व्हेन हर सन केम, शी हॅड डाइड': तो पोचेपर्यंत ती गेली होती. रात्रभर प्रवास करून गावी पोचलेल्या चाकरमान्याला या एका 'हॅड'चं वजन विचारा.

'शी एक्स्पायर्ड' म्हणावं का?

आपल्याकडे आदर म्हणून म्हणतात. बाहेरच्या वाचकाला मात्र मुदत संपलेलं औषध आठवतं. 'शी डाइड' यात उद्धटपणा नाही. मऊ हवं तर 'शी पास्ड अवे'.

नवरा गेल्याबद्दल लिहिताना 'शी बिकेम अ विडो' बरोबर आहे. 'शी वॉज विडोड' किंवा 'शी लॉस्ट हर हजबंड' मला जास्त आवडतं, कारण त्यात काहीतरी तिच्यावर कोसळल्याचं कळतं. पण तिथे थांबू नका. आनंदीबाई कर्वे, म्हणजे बाया, देवरुखच्या. माहेरचं नाव गोदूबाई जोशी. त्यांची गोष्ट मी फळ्यावर अशी लिहिते: 'शी वॉज मॅरीड ॲज अ चाइल्ड. शी वॉज विडोड ॲज अ चाइल्ड. देन शी वेंट टू मुंबई अँड स्टडीड ॲट शारदा सदन. इन १८९३ शी मॅरीड धोंडो केशव कर्वे.' पहिल्या दोन वाक्यांत 'वॉज', पुढच्या दोनांत नाही. १९०६चं रमाबाईंचं वाक्य आणि १८९३चं हे वाक्य शेजारी ठेवले की मुलींना 'वॉज मॅरीड' आणि 'मॅरीड'मधला फरक मला समजावून सांगावा लागत नाही. त्या पुनर्विवाहानंतर कर्व्यांच्या मुरुडमध्ये गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. तेही कर्त्यासकट लिहायचं: 'द व्हिलेज बॉयकॉटेड देम.'

नवऱ्याने टाकली, मारलं, मूल पोटातच गेलं, असं काही लिहायचं असेल तर?

आधी तिला विचारा. तिने नको म्हटलं तर ते वाक्य लिहायचं नाही, मार्क गेले तरी. मी त्याचे मार्क कापत नाही.

लिहायचं ठरलं तर सरळ लिहा. 'टाकली'ला 'थ्र्यू' नाही. 'हर हजबंड लेफ्ट हर' किंवा जड शब्दात 'डेझर्टेड हर'. ती स्वतः निघून आली असेल तर 'शी लेफ्ट हर हजबंड', आणि हा फरक कधीही पुसू नका. 'दे सेपरेटेड'मध्ये दोघं सारखेच जबाबदार दिसतात. 'शी वॉज बीटन' यात मारणारा अदृश्य होतो. कोण होता ते ती सांगत असेल तर 'ही बीट हर'. 'बीट'चा भूतकाळही 'बीट'च.

दवाखान्याच्या कागदांमुळे एक मोठी गफलत होते. आपोआप गर्भ पडला तरी डॉक्टरी भाषेत तिथे 'अबॉर्शन' लिहिलेलं असतं. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ मुद्दाम केलेला गर्भपात. आईने ते दुःख सोसलेलं असताना मुलीने चुकीचा शब्द लिहू नये: 'शी हॅड अ मिसकॅरेज.' पूर्ण दिवसांचं मूल मृत जन्मलं तर 'हर फर्स्ट चाइल्ड वॉज स्टिलबॉर्न.' जन्मून गेलेल्या मुलांनाही मोजा. रमाबाईंना पाच मुलं झाली, एकटे यशवंत जगले. 'शी हॅड वन सन' लिहिलं तर चौघं नाहीशी होतात. 'शी हॅड फाइव्ह चिल्ड्रन. ओन्ली यशवंत सर्व्हाइव्ह्ड.'

शाळा सुटली, सोडली, सोडवली, सगळ्याला 'लेफ्ट स्कूल' चालेल?

चालेल, पण माहिती हरवेल. तिने सोडली: 'शी लेफ्ट.' नाइलाज होता: 'शी हॅड टू लीव्ह.' कुणी काढलं: 'हर फादर टुक हर आउट ऑफ स्कूल.' शाळा सुटली म्हणजे घंटा वाजली असेल तर वेगळंच. 'शी पास्ड आउट'ही टाळा, बाहेर त्याचा अर्थ शुद्ध हरपली. 'शी स्टडीड अप टू द फोर्थ स्टँडर्ड' किंवा 'शी फिनिश्ड स्कूल'. जुन्या काळी सातवीला असणारी व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली आजी असेल तर परीक्षेचं नाव अभिमानाने लिहा. त्यावर प्राथमिक शिक्षिकेची नोकरी मिळत असे.

'सिन्स ट्वेंटी इयर्स' की 'फॉर ट्वेंटी इयर्स'?

किती काळ, त्याला 'फॉर'. कधीपासून, त्याला 'सिन्स'. 'शी वर्क्ड इन अ कॅश्यू फॅक्टरी फॉर ट्वेंटी इयर्स.' यात काम संपलं. अजून करते आहे तर 'शी हॅज वर्क्ड देअर सिन्स २००५.' जिवंत आजीबद्दल 'माय आजी वॉज अ व्हेरी काइंड वुमन' लिहिलं की वाचणारा हळहळतो. तेवढं सांभाळा.

माहेर, ओटी, ओवसा यांचं भाषांतर करायचं का?

माहेरला 'हर पेरेंट्स होम' जमतं, ओढ जमत नाही. मी शब्द ठेवायला सांगते. ओवसा तर आपल्याच मुलुखातला, घाटावरच्या मुलींनाही समजावून सांगावा लागतो: 'इन हर फर्स्ट यर ऑफ मॅरेज शी ऑफर्ड द ओवसा, सूप्स फुल ऑफ फ्रूट अँड लीव्ह्ज, टू गौरी.' 'सूप'चा अर्थ पातळ पदार्थ असा होऊ नये म्हणून 'विनोइंग ट्रेज' लिहा. बोटीचंही तसंच. आजी म्हणते 'बोटीने मुंबईला', ती वाफेची मोठी बोट, म्हणून 'स्टीमर'. इंग्रजी 'बोट' म्हणजे होडी.

आजीला इंग्रजी येत नाही. लिहिलेलं बरोबर आहे का हे तिला कसं विचारू?

एकेक वाक्य मराठीत उलटं सांगा आणि क्रियापदाशी थांबा. मागच्या वर्षी एका मुलीने लिहिलं होतं, 'इन १९६१ शी वॉज सेंट टू मुंबई टू वर्क.' आजी खळ्यात आमसुलं वाळत घालत होती. नातीने सांगितलं, 'आजी, तुला मुंबईला कामाला पाठवलं, असं लिहिलंय.' आजी म्हणाली, 'पाठवलं नाय गो मला कुणी. मीच गेले. पडावातून बोटीपर्यंत गेले, पाटल्या मोडून तिकीट काढलं.' मुलगी दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. 'वॉज सेंट' खोडलेलं होतं आणि खाली नवीन वाक्य होतं: 'इन १९६१ शी सोल्ड हर बँगल्स, बॉट अ टिकिट अँड वेंट टू मुंबई बाय स्टीमर.'